मालनबाईची कढई

मी कढई बोलतेय. धायरीत रस्त्याच्या कडेला निळ्या हातगाडीवर मालनबाईचा वडापाव मिळतो ना, त्या गाडीवरची. बोलणं हाच माझा धंदा. एकोणीस वर्षं सकाळ-संध्याकाळ बोलतेय आणि आता, खरं सांगते, थकलेय.

माझा जन्म कुठल्याशा भट्टीतला, पण मला आठवतं ते रविवार पेठेतलं दुकान. वर्ध्याकडून पोट भरायला पुण्यात आलेले कचरू आणि मालनबाई, हे नवरा-बायको तिथे आले. कचरूने मला टिचकी मारून पाहिली, चांगली चार वेळा. दुकानदार म्हणाला, "अहो, कढई घेताय की तबला?" कचरूने मलाच घेतलं.

पहिल्याच दिवशी त्याने बायकोला बजावलं, "तेलाकडं पाहू नको वं, आयक. कढईच सांगते." खरंच आहे ते. पिठाचा थेंब पडला आणि मी चर्र केलं की वडे सोडायचे. मग मी जोरात बडबडते. माझा आवाज बारीक झाला की वडे काढायचे. मालनबाई यात इतकी तयार झाली की माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. तोंड गिऱ्हाइकाकडे, हात पावात आणि कान माझ्यापाशी.

सहा वर्षांपूर्वी कचरू गेला. गाडी मात्र एक दिवस बंद राहिली नाही. "गाडी हाय तं मी हाय," असं मालनबाई म्हणायची. त्यांच्या लेकीचं, पूर्णिमाचं शिक्षण माझ्यावरच झालं. आता ती खराडीला कंपनीत जाते आणि तिचं एकच पालुपद असतं, "आई, बास ना आता. बंद कर गाडी, प्लीज."

गेल्या वर्षी मालनबाईला ऐकू येईनासं झालं. सगळ्यांत आधी ते मला कळलं. माझा आवाज बारीक झाला तरी झारा येईना, आणि मी अजून गप्प असतानाच वडे येऊन पडायचे. कधी वडे करपले, कधी तेल पिऊन बसले. मी घसा फोडून सांगत होते. जिच्यासाठी बोलायचं तिलाच ऐकू येत नसेल तर बोलण्याचा किती शीण होतो म्हणून सांगू! तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. लेकीला कळलं की गाडी बंद, ही तिची धास्ती.

एका रविवारी पूर्णिमा मदतीला आली होती. रोजचे गिऱ्हाईक रामदासकाका वडा कागदावर दाबून म्हणाले, "मालनबाई, यातलं तेल वेगळं बांधून द्या. उद्याची भाजी होईल."

लोक हसले. त्यांना हसताना बघून मालनबाईही हसली आणि काकांच्या पुड्यात दोन मिरच्या जास्तीच्या टाकल्या. मला तर रडूच आलं असतं.

पूर्णिमाने मागून हाक मारली, "आई!" मग अगदी जवळ येऊन, "आई!" मालनबाई पाव कापत राहिली.

माझ्या पोटात वड्यांचा घाणा तळत होता. संपलं सगळं, मला वाटलं. पोरगी आता गॅस बंद करणार. पण ती आईच्या मागे नुसती उभी राहिली, माझा आवाज ऐकत. तो बारीक झाला तसं तिने आईच्या पाठीवर बोट टेकवलं. मालनबाई दचकली आणि तिने झारा घातला. वडे कचरूच्या वेळेसारखे निघाले.

मालनबाईने वर न बघता विचारलं, "बंद कराची का गाडी?"

पूर्णिमाने बेसनाचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं.

तेव्हापासून पूर्णिमा दर रविवारी येते, पण रविवार आठवड्यात एकच. बाकीचे सहा दिवस मालनबाई माझ्यावर वाकून उभी असते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या तोंडाकडे बघते. आवाज बारीक होतो तेव्हा बुडबुडेही बारीक होतात, हे तिच्या लक्षात आलंय. डोळे चुरचुरतात, मान अवघडते. रामदासकाका म्हणतात, "बाई आता अस्सल पुणेकर झाल्या. गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नाहीत." येतात मात्र रोज.

माझा तळ पातळ झालाय. दिवाळीपर्यंत टिकेन न टिकेन. म्हणून एक विनवणी करते. गाडीवर आलात तर मागून हाका मारू नका. समोर या, किती हवेत ते बोटांनी दाखवा आणि जरा थांबा. ती माझ्याकडे बघत असेल. आमचं बोलणं चाललेलं असतं.