वेंडेलचं राहिलेलं काम

वेंडेल ग्रोस मार्चमध्ये हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याच्या फळीवर मोटरसायकलच्या नव्या कॅमशाफ्टचा खोका न फोडलेलाच होता. इंजिनाला दम यावा, उभ्या गाडीचा ठेका जरा भारदस्त व्हावा म्हणून त्याने ते हौसेने मागवले होते आणि बसवून द्यायचं त्याच्या मेकॅनिक मित्राने, अर्लोने, कबूल केलं होतं. पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता हिवाळा सरला होता. नोव्हेंबरात, नेब्रास्काच्या त्या सपाट मुलखात मक्याची कापणी उरकल्यावर, वेंडेलची बायको नोरीन त्याची मोटरसायकल ट्रेलरवर घालून अर्लोच्या वर्कशॉपवर आली.

"विकायची नाहीये," ती म्हणाली. "त्याचं राहिलेलं काम तेवढं पुरं कर."

सोमवारी अर्लोने इंजिनाचं झाकण उघडलं, जुने कॅमशाफ्ट काढले आणि आतली झिजलेली बेअरिंगं तीस वर्षांच्या सवयीने, घाई न करता, एकेक ओढून बाहेर घेतली. मंगळवारी दुपारी नोरीनचा फोन आला.

"छान वाजतेय रे. मगाशी घरावरून गेलास, तर थांबला का नाहीस?"

अर्लोने लिफ्टवरच्या गाडीकडे पाहिलं. "दुसरं कुणी असेल, नोरीन. ही अजून उघडीच पडलीय."

"मी काय वेंडेलची गाडी ओळखत नाही?"

एकटी पडलीय बिचारी, असं म्हणत त्याने फोन ठेवला आणि उगाचच सिलिंडरवर तळवा टेकवला. सकाळपासून हीटर बंद होता, हातातला पाना बर्फासारखा लागत होता. सिलिंडर मात्र गरम होता, नुकताच लांबून आल्यासारखा.

बुधवारी नवी बेअरिंगं प्रेसने दाबून बसवली, कॅमना तेल लावलं, दातेरी चाकांवरच्या खुणा दोनदा जुळवून पाहिल्या. वेळेवर केलं असतं तर वेंडेलला निदान थोडे दिवस तरी ती चालवता आली असती, हा विचार काही केल्या हटत नव्हता. काम संपावंसं वाटत होतं आणि संपायची भीतीही वाटत होती.

गुरुवारी दुपारी इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. अर्लोने जाकीट चढवलं आणि चार मैलांवरच्या ग्रोसांच्या घरी गाडी नेली.

हात पुसत नोरीन ओसरीवर आली. स्वच्छ उन्हात, अगदी जवळून तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"केवढा उशीर, वेंडेल. अर्लोचे दोन फोन येऊन गेले."

तो काही बोलणार, तोच स्वयंपाकघरातला फोन वाजला. तिने तो उचलला आणि आत आलेल्या त्याच्यापुढे रिसीव्हर धरला. "घे, तोच आहे. जीव टांगणीला लागलाय त्याचा."

त्याने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर घरघरत होता. मग त्याचा स्वतःचाच आवाज आला, थोडा थकलेला.

"कशी चाललीय गाडी? इतके महिने तुला ताटकळत ठेवलं, म्हणून विचारतो. रागावला नाहीस ना?"

नोरीन टेबलावर दोन ताटं मांडत होती.

"नाही रे," वेंडेलचा आवाज म्हणाला, आणि अर्लोला आपले ओठ हलल्याचं जाणवलं.