काळी रेघ, पांढरा कागद

आमगावच्या बाजारामागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार आणि शेजारी खुर्चीत स्वरानंद महाराज! महाराजांनी आपल्या भजनांची सीडी यंत्रात सारली. यंत्र घरघरलं, पडद्यावर वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत राहिलं आणि शेवटी सीडी मुकाट बाहेर आली. तीच सीडी साध्या प्लेअरवर लावली, तर भजन खणखणीत सुरू!

"देखा?" महाराज गरजले. "भक्त का प्लेअर गाता है, कॉपी करने वाले पापी का कॉम्प्युटर गूंगा हो जाता है! इस आवाज में आत्मा बसी है. आत्मा की कॉपी होती है क्या?"

"नाही!" मैदान ओरडलं. होय म्हणायची छाती कोणाची?

पुढे एक टोपली होती. खराब झालेल्या सीडी तिच्यात टाकायच्या, मग तळ्यात विसर्जन. टोपलीपुढच्या रांगेत इंदरलाल उभा होता, लुगड्याच्या तुकड्यात सीडी गुंडाळून.

लुगडं तुलसाचं, त्याच्या बायकोचं. ती भजनमंडळात गायची. महाराजांच्या सीडीतल्या तिसऱ्या भजनात एक ओळ तिने एकटीने म्हटली होती. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. लेक दुर्गला नांदत होती. घरात उरला इंदरलाल आणि ती ओळ.

"माई इसी में है, सब सुनती है, रोज हल्दी-कुमकुम चढ़ाओ," असं महाराजांनी सांगितलं होतं. मग काय! रोज सकाळी उठून इंदरलाल सीडीच्या चकचकीत बाजूला हळदकुंकू लावायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा. दोन कप चाय मांडायचा, एक आपल्याला, एक प्लेअरपुढे. "धान निसवलं बरं का, लोंब्या आल्या," असं सांगायचा आणि तिची ओळ आली की तेच उत्तर समजायचा. ज्याला हसायचं त्याने हसावं. बोलायला कोणी नसलं की माणूस भिंतीशीही बोलतो.

पण आता पहिलं भजन अडखळू लागलं होतं. महाराजांनी निकाल दिला, "माई मुक्ती मांग रही है. विसर्जन करो, नई सीडी ले जाओ." नव्या सीडीत महाराज एकटेच गात होते. तुलसा नव्हती.

"काकाजी, खरंच देऊन राहिले?" मागून आवाज आला. शेजारची योगेश्वरी, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची.

"काय करू बेटी? तुलसा तडपून राहिली म्हनते महाराज."

"मले द्या एक डाव. आवाज नाही मिटवत मी."

इंदरलालने सीडीवरचं लुगडं आणखी घट्ट केलं. हिच्या हातून काही बिघडलं तर? पण टोपलीत टाकली तर उरणार काय? त्याने सीडी दिली.

योगेश्वरी तडक टेबलापाशी गेली. "महाराज, मी करून पाहू कॉपी?"

"आँखें चली जाएंगी, बेटी!"

"डोळे गेले तर तुमी आहातच ना जी, परत आनायले!"

लोक हसले. तिने सीडी उन्हात धरली. कडेजवळ एक वेगळं कडं दिसत होतं. पर्समधून पांढऱ्या फळ्यावर लिहायचं पेन काढून तिने त्यावर आखूड काळी रेघ मारली आणि सीडी यंत्रात घातली. यंत्र घरघरलं, थांबलं. तिने तिसरं भजन लावलं आणि कर्ण्यातून तुलसाची ओळ मैदानभर घुमली. इंदरलाल रांग सोडून कर्ण्याखाली जाऊन उभा राहिला.

"अवं बाप्पा, तीट लावली!" रांगेतली नंदाबाई ओरडली. "आवाजाले नजर लागली होती!" झालं! बायका काजळाच्या डब्या शोधू लागल्या. महाराजही काय कमी? "हां, वही तो! नई सीडी पर अभिमंत्रित काजल लगाकर देंगे!"

योगेश्वरीने कपाळावर हात मारला. सीडी काढून तिने रेघ पुसून टाकली. पर्समधल्या पोस्टाच्या तिकिटांच्या कडेची कोरी पांढरी पट्टी फाडून जिभेला लावली, त्याच जागी चिकटवली आणि सीडी पुन्हा घातली. तुलसा पुन्हा गायली.

"आता सांगा महाराज, ही कोनती तीट?"

महाराज आपली पिशवी आवरू लागले.

"ऐका," ती लोकांकडे वळली. "नक्कल होऊ नये म्हनून कारखान्यातच सीडीच्या कडेले चुकीची माहिती भरली आहे. प्लेअर आतली गानी वाचते, कडेकडे पाहतच नाही. कॉम्प्युटर कडेचंही वाचते अन् गोंधळते. ते झाकलं की गोंधळ संपला. काळ्यानं झाका, पांढऱ्यानं झाका. अन् अडखळते काऊन? कुंकू लावून पुसायले कोनं सांगितलं? त्या कनांनीच ओरखडे पडले. सीडी खराब झाली की नवी घ्या! आत्मा कशाचा जी, धंदा आहे. हात जोडाच्या आधी एक डाव 'काऊन' म्हनून इचारत जा. देवाले राग नाही येत. राग येते तो धंदेवाल्याले."

महाराजांना एकाएकी गोंदियाची गाडी आठवली. इंदरलाल मात्र आपल्या सोग्याकडे बघत होता. तांबडा झाला होता सोगा.

संध्याकाळी योगेश्वरी दोन नकला घेऊन त्याच्या घरी आली, एक त्याला, एक दुर्गच्या लेकीला. त्याने सीडी हातात धरली, उलटसुलट केली.

"बेटी, मंग तुलसा यात नाही?"

योगेश्वरी त्याच्या शेजारी बसली. "नाही काकाजी. आवाज आहे. तो मात्र तिचाच, खरा."

"म्हंजे इतके दिवस मी एकटाच बोलून राहिलो?"

"हो."

तो रडला, लहान लेकरासारखा. मग डोळे पुसून चुलीपाशी गेला. सवयीने दोन कप भरले. एक उचलून प्लेअरकडे निघाला, मध्येच थांबला, आणि वळून तो योगेश्वरीपुढे ठेवला.

"पी बेटी," तो म्हणाला. "रोज ही चाय थंडी झाली की फेकतो मी."