नोर्जमाच्या चहातलं मीठ

"खाऱ्या तळ्याचं पाणी भरून आणलंत काय, वहिनी?" शेजारच्या छुल्टेमने वाडगा खाली ठेवत तोंड वेडंवाकडं केलं.

नोर्जमाने स्वतःचा वाडगा ओठांना लावला. चहा खरंच खारट होता, जीभ चरचरावी इतका. पण काल मीठ जास्त झालं म्हणून आज तिने अर्धीच चिमूट टाकली होती.

"प्यायचा तर पी, नाहीतर ऊठ," तिचा नवरा यादाम छुल्टेमवर डाफरला आणि आपला वाडगा त्याने घटाघटा संपवला.

छुल्टेम हसत घोड्यावर बसून गेला, पण नोर्जमाला चैन पडेना. लग्न होऊन या तंबूत आल्याला सेहेचाळीस वर्षं झाली. रोज पहाटे शेणाच्या जाळावर कढई, कुटलेली चहाची वडी, मग दूध, चिमूटभर मीठ, मग पळीने उंचावरून खालीवर, खालीवर. तिच्या चहासाठी माणसं वाट वाकडी करून यायची. हाताला इतकी वर्षं कळलं, ते आताच का कळेना? मीठ बदललं? की जीभच बिघडली?

दुसऱ्या दिवशी तिने मीठ टाकलंच नाही. रोजच्या रिवाजाप्रमाणे पहिली पळी बाहेर आभाळाला शिंपडून ती आत आली आणि घोट घेतला. खारट!

टाकलं नाही, हे खरं. की टाकलं आणि विसरले?

तिसऱ्या दिवशी पळी घेऊन निघालेली ती दारातच थबकली. मागे वळली, तर यादाम कढईवर वाकलेला.

"काय करताय?"

तो दचकला. मुठीतलं मीठ चुलीपाशी सांडलं.

"तू विसरतेस गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लोकर कातरायला माणसं आली होती, त्या दिवशी चहात मीठच नव्हतं. बिचारे गुपचूप प्यायले. दुसऱ्या दिवशीही तेच. म्हणून मग मीच..."

"आणि मी आधीच टाकलेलं असलं तर?"

"तर खारट होतो. पितो मी."

"मग छुल्टेमसमोर सांगायचं होतंत तसं."

"त्याच्यासमोर? तुझ्याबद्दल?" यादामने मान हलवली.

नोर्जमाला कात्र्यांचा आवाज आठवला, मेंढ्यांचं ओरडणं आठवलं. चहा काही केल्या आठवेना. विसरतंय कोण? यादाम तरी परवा डोक्यावर टोपी असताना तीच शोधत फिरला होता. त्याचं खरं मानावं तरी पंचाईत, न मानावं तरी पंचाईत.

पुढच्या सकाळी चहा उकळल्यावर तिने मिठाची पिशवी त्याच्यापुढे धरली.

"आजपासून मीठ तुम्ही टाकायचं."

"मला कुठला अंदाज?"

"मी सांगते ना."

त्याने चिमूट उचलली, कढईवर हात धरला आणि तो तिच्याकडे बघत थांबला. नोर्जमा त्याच्या बोटांकडे बघत राहिली. कमी की जास्त, तिला काहीच उमगेना.

"बरोबर आहे," ती ठामपणे म्हणाली. "टाका."