कचऱ्यात लिहिलेला स्टोव्ह

खस्, खस्, खस्... फर्रऽ! पुलाखालच्या पहाटेच्या शांततेत पहिला आवाज माझा असायचा. मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. माझ्या पोटात रॉकेल असतं. आणि गेल्या वर्षापासून तेवढाच राग.

कारखान्यातून निघालो तेव्हा चेहरा दिसेल असा लखलखीत होतो. पण खरा जगलो तो आमच्या आईच्या हाती आल्यावर. माझा एक पाय मोडला तेव्हा तिच्या नवऱ्याने त्याला सायकलची तार गुंडाळून दिली. पुढे तो गेला, तार राहिली. आईची बारकी माझ्यापासून हातभर लांब बसून दुधाची वाट बघायची. "जपून रे बाबा, पोरगी जवळ आहे," आई मला दटावायची. मी ऐकायचो.

एका सकाळी आई बारकीला घेऊन कामाला गेली होती आणि पालिकेचं पथक आलं. नोटीस नाही, हाक नाही. अंथरुणं, भांडी, बारकीचं दप्तर, सगळं ट्रकमध्ये. पंचनाम्यात पथकाच्या साहेबांनी एकच ओळ लिहिली : 'निरुपयोगी कचरा, एक ढीग.' मी? कचरा? त्याच क्षणी ठरवलं, या ओळीचा सूड घ्यायचा.

गोदामात बाकी सगळं जाळलं. मला मात्र मुकादमाने ठेवून घेतलं, चहा करायला! साहेबही तोच चहा प्यायचे. मी रोज भडकून पातेल्याला काजळी फासायचो. "मेला, कुणाच्या वळणावर गेलाय!" मुकादम करवादायचा. मग मी आणखी धूर सोडायचो.

तिकडे आईला एक वकीलबाई भेटल्या. घर नसलं म्हणून माणसाचं सामान बेवारस होत नाही, असा दावा त्यांनी लावला. साहेबांनी उलट शपथेवर लिहून दिलं की, वापरण्याजोगी एकही वस्तू नव्हती, सगळं त्याच दिवशी नष्ट केलं. न्यायालयाने हे मानलं असतं, तर पुलाखालच्या उरलेल्या अकरा कुटुंबांचाही असाच ढीग होणार होता.

न्यायालयाच्या परवानगीने दोघी गोदाम बघायला आल्या. मुकादम पाहुणचाराला लागला. "बसा ना मॅडम, चहा टाकतो."

मित्रांनो, त्या दिवशी मी कसा पेटलो म्हणून सांगू! निळी, स्वच्छ, गरजणारी ज्योत. आईने मान वळवली.

"अगं बाई, हा तर माझा!"

"नाही हो ताई, हा... हा सरकारी आहे," मुकादम चाचरला.

"असं? मग पुढच्या तारखेला सरकारी इतमामाने घेऊन या," वकीलबाई म्हणाल्या, आणि चहा न पिता फोटो काढत राहिल्या.

न्यायालयात मला कापडाखाली झाकून ठेवलं होतं. आईने न बघता सांगितलं, "एका पायाला सायकलची तार आहे. सात वेढे."

न्यायाधीशांनी कापड काढायला लावलं. मोजले. सात.

"साहेब," वकीलबाईंनी विचारलं, "नष्ट झालेल्या कचऱ्यावर तुम्ही वर्षभर चहा प्यालात. कसा होता हो?"

सगळे हसले. साहेबांना घाम फुटला. जन्मभर मी दूध उकळलं, पाणी उकळलं. पण इतकं मनापासून कुणाला उकळलं नव्हतं!

निकाल लागला. लेखी नोटीस आणि राहायची सोय केल्याशिवाय कुणाचंही सामान उचलायचं नाही. खोट्या शपथेबद्दल साहेबांची चौकशी. मला आईच्या स्वाधीन केलं.

मित्रांनो, रस्त्याकडेला एखादं बोचकं दिसलं तर त्याला कचरा म्हणू नका. त्यात कुणाचं तरी अख्खं स्वयंपाकघर असतं.

बाहेर पायऱ्यांवर आईने मला एका काखेत धरलं होतं, बारकीला दुसऱ्या. खाली मान घालून साहेब गाडीत बसत होते. "आता कळेल मेल्याला!" आई हसली. मलाही पेटत्या ज्योतीनिशी त्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत उडी मारावीशी वाटत होती.

बारकी गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग तिने आईची हनुवटी आपल्याकडे वळवली. "आई, त्यांच्या घरी पण माझ्यासारखी मुलगी आहे का? तिचं दप्तर कधी जाळायचं?"

आईचं हसू ओठांवरच थांबलं.