तेल प्यायलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. वाजत नाही म्हणून मला खोके समजू नका. पुण्यातल्या एका कारागिराने मला सागवानातून घडवले आणि माझ्या पोटात पितळेच्या बारीक जिभा बसवल्या. त्यांनाच सूर म्हणतात. भात्याचा वारा लागला की त्या थरथरत आणि मी गाऊ लागे.

मला घरी आणले ज्योतीरामने. पिंपरीला नवा कारखाना निघाला, तेव्हा तो साताऱ्याकडून फिटर म्हणून आला आणि त्याने आकुर्डीत बिऱ्हाड केले. शिफ्ट सुटली की चिंचवडचे सायकलवाले कादरभाई त्याला शिकवायला येत. शिष्य कसला, धोंडाच! पाना धरणारी त्याची बोटे पट्ट्यांवर अशी आपटत की मला ठसका लागे. त्याची बायको कौशल्याबाई चुलीपाशी बसून विचारी, "आवं, ती गातीया का रडतीया?" तो हसे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. असे करता करता एक भजन त्याला पुरते बसले. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आकुर्डी गावच्या सप्ताहात सोपानराव पेटी वाजवत. आता त्यांचे हात कापू लागले होते. ते म्हणाले, "ज्योतीराम, औंदा काल्याच्या भजनाला तुमी बसा." परगावच्या माणसाला असा मान मिळणे सोपे नव्हते. त्या रात्री तो जेवण सोडून मला घेऊन बसला.

आदल्या दिवशी माझा भाता कुरकुरला. कुरकुरेल त्याला तेल घालायचे, हा कारखान्यातला धडा त्याच्या अंगात मुरलेला. त्याने मला मायेने उघडले आणि बिजागरीला, पट्ट्यांना, अगदी सुरांनाही तेल पाजले. मला ओरडायचे होते. पण भाता हलल्याशिवाय मला ओरडताही येत नाही.

काल्याला देवळात सारा गाव जमला. ज्योतीरामने पट्टी दाबली आणि माझ्यातून नुसता वारा निघाला. त्याने पुन्हा दाबली. कोणी हसले नाही. सोपानरावांनी हळूच त्याच्या हाती टाळ दिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ह्ये धरा."

पुढे कादरभाईंनी सूर काढून पुसले, घासले. काही तुटले, आतले चामडेही सुटले. "मशीनला तेल लागतं, भाऊ. सुराला कोरडंच ठेवावं लागतं. दुसरी पेटी बघू या," ते म्हणाले.

"न्हाई, कादरभाई. माजा हात मशिनीचाच हाय."

मित्रांनो, वाद्याची काळजी घ्या, पण आधी जाणत्याला विचारा. नुसत्या मायेने आमचे भागत नाही.

त्यानंतरही चहा पिताना ज्योतीरामची बोटे माझ्या झाकणावर चालत. तेच भजन असे, आणि एकही बोट चुकत नसे. परवा कौशल्याबाईंनी झाकणावर पिठाचा डबा ठेवला. ज्योतीरामने तो सरकवला नाही.