हातमोजा काढल्यावर

खुनाच्या सिनेमाची सुरुवात कशी करायची हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आधी रिकामं घर, कुठेतरी नळ ठिबकतोय. मग कॅमेराच खुनी होऊन बोळातून चालू लागतो. खुन्याचं तोंड काही दिसत नाही. दिसतो तो काळा हातमोजा घातलेला हात. मग बेडरूमचं दार, आत पाठमोरी झोपलेली बाई. प्रेक्षकाला सगळं कळलेलं असतं, तिला नसतं. सगळी भिस्त त्यावरच. मी इतकी वर्षं एडिटिंगच्या टेबलावर असल्या सुरुवाती कापते-जोडते आहे, की नळ ठिबकायला लागला की मला जांभई येते.

जावईबापूंना, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, हे सगळं हवंच होतं. पहिलाच सिनेमा, उत्साह उतू चाललेला. घर खरं वाटावं म्हणून शूटिंग स्वतःच्याच घरात. हातमोज्यातला हात स्वतःचा. आणि झोपलेली बाई कोण, तर बायको. म्हणजे आमची बारकी.

"तिला घाबरताच येत नाही हो, ताई," सकाळी फुटेज देताना तो म्हणाला. "खांद्यावर हात पडला की दचकायचं, एवढंच काम. सांगून सांगून थकलो. तुम्हीच काहीतरी जुळवा. मी संध्याकाळपर्यंत साउंडवाल्याकडे आहे."

त्याचं खोटं नव्हतं. दर टेकला हातमोजा खांद्यावर पडायचा आणि बारकी डोळे विस्फारून आ करायची, दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी. मी एकटीच खोखो हसले. लहानपणी लपाछपीतसुद्धा तिला खोटंखोटं घाबरता यायचं नाही.

माझी एक खोड आहे. "कट" म्हटलं म्हणजे टेक संपला, असं मी धरत नाही. पुष्कळदा कॅमेरा बंद करायचा राहून गेलेला असतो, माणसं पुन्हा आपापल्या चेहऱ्यावर आलेली असतात आणि तिथे एखादा चांगला तुकडा हाती लागतो. दिग्दर्शक मंडळी या शेपट्या बघायच्या भानगडीत पडत नाहीत. माझ्या या उकिरडा उकरण्यावरून घरात सगळे मला चिडवतात, बारकी तर सगळ्यांत जास्त.

शेवटच्या टेकची शेपटी लावली. तो "कट" म्हणाला. कॅमेरावाल्याने कॅमेरा तसाच चालू स्टुलावर ठेवला. चौकट कलली, अर्धी उशी आणि बारकीचा चेहरा आत राहिला. "चहा घेऊ या रे," कोणीतरी म्हणालं. पावलं दाराकडे गेली. तो मात्र मागे राहिला. काढलेला हातमोजा त्याने उशीवर टाकला आणि तिच्या कपाळावरची बट बाजूला करायला हात पुढे केला, अगदी हळू.

बारकीने डोळे घट्ट मिटले, मान आत ओढली आणि कोपर चेहऱ्यापुढे धरलं.

"लोक आहेत बाहेर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट लाडच होता.

मी ते पुन्हा लावलं. काळ्या हातमोज्याला न दचकणारी माझी बहीण नवऱ्याच्या उघड्या हाताला दचकत होती. ऐन उकाड्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालते म्हणून मी तिची थट्टा करत आले होते. हल्ली तिचा फोन तोच उचलतो, याचंही मला कौतुक होतं! स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

फोन करण्यात अर्थ नव्हता, तो त्याच्याकडेच असणार. तो तुकडा दुसऱ्या डिस्कवर उतरवला, डिस्क पर्समध्ये टाकली. झाडांना पाणी घालायला म्हणून त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. तो परतायच्या आत तिला तिथून बाहेर काढायचं होतं.

दार उघडून आत शिरले आणि थबकले. सकाळपासून हाच बोळ मी पडद्यावर चालत होते. तेच चपलांचं कपाट, तोच पोपडे आलेला कोपरा. स्वयंपाकघरात नळ खरोखरच ठिबकत होता. बेडरूमचं दार अर्धवट उघडं, आणि आत ती पाठमोरी, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन झोपलेली. मी हात पुढे केला. खांदा वीतभर राहिला तेव्हा माझं मलाच कळलं, हात मागे घेतला आणि दारापर्यंत मागे सरले.

"बारके, मी आहे गं. ताई."

ती वळली. दचकली नाही. आधी तिने माझ्या पाठीमागे पाहिलं.

"एकटीच आलेय. तो संध्याकाळपर्यंत येत नाही."

"शेवटपर्यंत बघितलंस?" ती म्हणाली.

"काय?"

"कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालू होता, ताई. मला दिसत होता. एरवी चारचौघांत मी ते दचकणं दाबते, कोणाला कळू देत नाही. त्या दिवशी नाही दाबलं." तिने पांघरुणाची कड मुठीत धरली. "म्हटलं, तू काही बघितल्याशिवाय टाकत नाहीस."

मला रडू फुटलं. तिला नाही. तिने पांघरूण बाजूला केलं, तर अंगात बाहेर जायचे कपडे होते आणि पायांत सँडलसुद्धा.

"तो बाहेर पडला की रोज अशीच पडून राहते," ती म्हणाली. "तू कधी येशील ते कळत नव्हतं ना."