नऊची खूण

आमच्या वृद्धाश्रमात म्हातारी माणसं बत्तीस, आणि त्या सकाळी त्यांचं सगळं बघायला मी अन् डार्लीन, दोघीच. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि तक्त्यावर खूण करायची, असा नियम. इतक्यांना पुसून, भरवून ते करायला मला काय चार हात आहेत? म्हणून आम्ही सातलाच दिवसभराच्या खुणा करून टाकतो.

साडेदहाला हॅटी आजींपाशी पोचले, तर त्या गार पडलेल्या.

"आठलाच गेल्या असतील," मुख्य नर्स म्हणाली. मग तिने तक्ता पाहिला. "तीनपर्यंतच्या खुणा? मेलेल्या बाईची कूस बदलणार होतीस का? नवा तक्ता कर. नऊपर्यंतच ठेव, नऊची फेरी चुकलेली दिसायला नको."

"माणसं वाढवा म्हणून महिनाभर घसा कोरडा केला, तेव्हा कुठे होतात?"

"आधी तक्ता कर."

केला.

दुपारी टोलेडोहून हॅटी आजींची मुलगी आली. तक्त्यावरून फिरणारं तिचं बोट नऊच्या खुणेवर थांबलं.

"म्हणजे शेवटी तू होतीस तिच्याजवळ. एकटी नव्हती ती. काही बोलली का गं?"

"पाणी मागितलं," मी म्हणाले. "दिलं मी."